कागदावर आधीच नोंदलेला बिघाड : एफएमईए पद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

२८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी अमेरिकेतील फ्लोरिडा येथून 'चॅलेंजर' हे अवकाशयान झेपावले आणि ७३ सेकंदांनी आकाशातच नष्ट झाले. यानातील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतील शिक्षिकाही होती, त्यामुळे अनेक शाळांतील मुले हे उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत होती. पुढे चौकशी झाली तेव्हा कळले की बूस्टर रॉकेटच्या ज्या सांध्यातून आग बाहेर पडली, त्याची नोंद नासाच्या कागदपत्रांत तीन वर्षांहून अधिक काळ होती. हा सांधा निकामी झाला तर मोहीम, यान आणि माणसे तिन्ही गमवावी लागतील, असे त्या नोंदीत स्पष्ट म्हटले होते.

ही नोंद ज्या पद्धतीने तयार झाली तिचे नाव फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे बिघाडाचे प्रकार आणि त्यांचे परिणाम यांचे विश्लेषण. तिला सर्वत्र एफएमईए या लघुरूपाने ओळखतात. आज मोटारीचे सुटे भाग, औषधाच्या गोळ्या, रुग्णालयातील रक्त देण्याची प्रक्रिया अशा अनेक ठिकाणी गुणवत्तेची जोखीम सांभाळण्यासाठी ती वापरली जाते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा तक्ता परिचयाचा असतो. तो तक्ता कोठून आला, कसा बदलत गेला आणि कोठे अपुरा पडला, हे मात्र सहसा शिकवले जात नाही. या पाठात आपण तो इतिहास पाहू. तो पाहताना एक प्रश्न मनात ठेवू : बिघाड आधीच माहीत असताना तो का थांबवता आला नाही?

पद्धतीचे मूळ स्वरूप

इतिहासाकडे वळण्यापूर्वी पद्धत समजून घेऊ. त्यासाठी स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर पुरेसा आहे.

कुकरच्या झाकणावर एक वाफनळी असते आणि तिच्यावर शिट्टीचे वजन बसवलेले असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाते आणि वाफ बाहेर पडते. हे त्या भागाचे कार्य झाले. आता पहिला प्रश्न विचारायचा : हा भाग आपले काम करण्यात कोणकोणत्या प्रकारे चुकू शकतो? नळी चोंदू शकते. वजन नीट न बसल्यास वाफ सतत निसटू शकते. हे झाले बिघाडाचे प्रकार. दुसरा प्रश्न : तसे झाले तर काय होईल? वाफ निसटली तर डाळ कच्ची राहील आणि गॅस वाया जाईल. नळी चोंदली तर दाब वाढत जाईल आणि कुकर फुटू शकेल. हे झाले परिणाम. तिसरा प्रश्न : असे का होईल? डाळीचा फेस वर येतो, साले नळीत अडकतात, कुकर गळ्यापर्यंत भरलेला असतो. ही झाली कारणे. चौथा प्रश्न : ते टाळण्यासाठी सध्या काय व्यवस्था आहे? नळी चोंदली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. त्यातील कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते.

ही उत्तरे एका आडव्या ओळीत लिहिली की एफएमईएची एक ओळ तयार होते. प्रत्येक भागाच्या प्रत्येक बिघाडासाठी अशी एक ओळ लिहायची. विचार खालून वर जातो : सुटा भाग, त्याचा बिघाड, मग संपूर्ण वस्तूवर होणारा परिणाम. 'अपघात झाला, आता कारण शोधा' या नेहमीच्या क्रमाच्या अगदी उलट हा क्रम आहे. अपघात होण्याआधी, वस्तू कागदावर असतानाच हे प्रश्न विचारले जातात.

या उदाहरणातील एक बारकावा लक्षात ठेवावा. शिट्टीची नळी चोंदणे धोक्याचे असले तरी मागे सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, म्हणून त्या ओळीचे वजन थोडे कमी होते. पण एखाद्या घरी तो व्हॉल्व्ह निकामी झाला आणि त्या जागी कोणीतरी साधा बोल्ट घट्ट बसवला, तर? शिट्टी तीच, नळी तीच, तरीही त्या ओळीचा अर्थ पूर्ण बदलतो. चॅलेंजरच्या कथेत नेमके असेच घडले.

उगम : १९४९

दुसऱ्या महायुद्धाने यंत्रांची गुंतागुंत एकदम वाढवली. रडार, संदेशवहनाची उपकरणे, क्षेपणास्त्रे यांत शेकडो, हजारो भाग एकमेकांवर अवलंबून असत. जर्मनीच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात काम केलेले अभियंता रॉबर्ट लुसर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नियम ही अडचण नेमकी दाखवतो. एका पाठोपाठ एक जोडलेल्या भागांपैकी एकही बंद पडला की सारे यंत्र बंद पडत असेल, तर यंत्राची विश्वसनीयता ही सर्व भागांच्या विश्वसनीयतेचा गुणाकार असते. शंभर भाग घ्या. प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा आहे असे धरा. संपूर्ण यंत्र नीट चालण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच उरते. म्हणजे प्रत्येक भाग 'चांगला' असूनही यंत्र वाईट असू शकते.

अशा यंत्रांच्या बाबतीत माल तयार झाल्यावर तपासून वाईट वगळणे पुरेसे नव्हते. क्षेपणास्त्र एकदाच उडते, त्याची पूर्ण चाचणी घेऊन ते परत कोठारात ठेवता येत नाही. म्हणून बिघाडाचा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच करणे भाग होते. ९ नोव्हेंबर १९४९ रोजी अमेरिकी सैन्यदलाने एमआयएल-पी-१६२९ या क्रमांकाची कार्यपद्धती जारी केली. तिच्यात बिघाडाचे प्रकार, परिणाम आणि त्यांची निर्णायकता यांचे विश्लेषण कसे करावे हे सांगितले होते. बिघाडाचे वजन ठरवताना मोहीम किती यशस्वी होईल आणि माणसे व सामग्री किती सुरक्षित राहतील, हे निकष होते.

पुढे हीच कार्यपद्धती लष्करी मानक झाली. १९८० मध्ये तिची एमआयएल-एसटीडी-१६२९ए ही आवृत्ती आली. तिच्यात परिणामांचे चार वर्ग होते : विनाशकारी, गंभीर, मर्यादित आणि किरकोळ. १९९८ मध्ये लष्कराने हे मानक अधिकृतपणे मागे घेतले. तोपर्यंत ही पद्धत नागरी उद्योगांत इतकी रुजली होती की मूळ मानक गेल्याने तिचे काही अडले नाही.

चंद्रमोहीम आणि पद्धतीची मर्यादा

१९६० च्या दशकात नासाने अपोलो कार्यक्रमासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. अपघाताची शक्यता आकड्यांत मांडण्यापेक्षा प्रत्येक भागाचा बिघाड शोधून तो आराखड्यातच दूर करण्यावर नासाचा भर होता. जो बिघाड दूर करता येत नसे, त्याची 'निर्णायक घटकांच्या यादीत' नोंद होई आणि तो तसाच का ठेवला आहे याचे कारण लिहावे लागे.

याच काळात अन्नाच्या सुरक्षिततेची एक पद्धत जन्माला आली. अंतराळवीरांचे अन्न जंतुमुक्त असल्याची खात्री हवी होती. तयार अन्न तपासून ती मिळेना, कारण पुरेशी खात्री होईपर्यंत बहुतेक अन्न तपासणीतच संपून जाई. तेव्हा पिल्सबरी ही कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची नॅटिक येथील प्रयोगशाळा यांनी वेगळा मार्ग धरला : कच्च्या मालापासून पाकिटापर्यंत कोठे काय बिघडू शकते ते शोधायचे आणि नेमक्या त्या जागी नियंत्रण ठेवायचे. आज अन्न उद्योगात एचएसीसीपी या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत एफएमईएच्याच विचाराची बहीण आहे.

अपोलोने या पद्धतीची मर्यादाही दाखवली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ या यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. अंतराळवीर मोठ्या प्रयासाने परतले. चौकशीत जी साखळी उलगडली ती अशी : कारखान्यात ही टाकी सुमारे ५ सेंटिमीटर उंचीवरून आपटली होती. त्यामुळे बहुधा आतील नळी सैल झाली. उड्डाणापूर्वीच्या चाचणीनंतर टाकी नेहमीच्या रीतीने रिकामी होईना, म्हणून आतील हीटर अनेक तास चालू ठेवून प्राणवायूची वाफ करून ती रिकामी केली गेली. हीटर बंद करणारे थर्मोस्टॅटचे स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते, जमिनीवरचा वीजपुरवठा मात्र ६५ व्होल्टचा होता. स्विच चिकटून बसले, हीटर तापतच राहिला आणि तारांवरचे आवरण जळाले. उड्डाणात त्याच तारांतून ठिणगी पडली.

यातील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. एफएमईएचा तक्ता एका वेळी एकच बिघाड घेऊन बसतो. दोन-तीन लहान चुका एकत्र आल्या तर काय होईल, हे त्याच्या ओळींतून सहजी दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 'फॉल्ट ट्री' ही दुसरी पद्धत वापरतात. ती १९६२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कामात तयार झाली. तिच्यात विचार वरून खाली येतो : आधी मोठा अपघात गृहीत धरायचा आणि कोणकोणत्या घटना एकत्र आल्यास तो घडेल ते शोधत खाली उतरायचे. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत.

चॅलेंजर : एका ओळीची कथा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चॅलेंजरच्या दोन्ही बाजूंना असलेले घन इंधनाचे बूस्टर मॉर्टन थायोकोल ही कंपनी युटा राज्यात बनवत असे. सुमारे ३.७ मीटर व्यासाचे हे बूस्टर तुकड्यांत तयार होत आणि उड्डाणस्थळी जोडले जात. प्रत्येक सांध्यात आतील तप्त वायू अडवण्यासाठी रबरासारख्या पदार्थाची दोन कडी असत, त्यांना ओ-रिंग म्हणतात. पहिली निकामी झाली तर दुसरी वायू अडवील, अशी योजना होती. काम साधारणपणे कुकरच्या रिंगेसारखेच होते, फक्त दाब आणि तापमान कितीतरी अधिक.

नोव्हेंबर १९८० च्या यादीत या सांध्याची नोंद 'निर्णायकता १-आर' अशी होती. 'एक' म्हणजे बिघडल्यास यान आणि माणसे गमावण्याचा धोका. 'आर' म्हणजे मागे राखीव व्यवस्था आहे. कुकरच्या भाषेत : नळी चोंदू शकते, पण सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत आहे.

पण १९७७ च्या चाचणीतच एक अडचण दिसली होती. बूस्टर पेटताच आतील दाबाने सांधा किंचित फाकत असे आणि दुसऱ्या कड्याची पकड सुटण्याची शक्यता निर्माण होई. नोव्हेंबर १९८१ मधील शटलच्या दुसऱ्या उड्डाणानंतर एका कड्यावर तप्त वायूने झालेली झीज आढळली. अखेर १७ डिसेंबर १९८२ रोजी नोंद बदलली गेली. 'आर' हे अक्षर काढले आणि फक्त 'निर्णायकता १' उरले. राखीव व्यवस्था भरवशाची नाही, हे आता कागदावर मान्य झाले होते.

पद्धतीने आपले काम येथवर चोख केले होते. पुढे काय झाले ते पाहा. नियमाप्रमाणे अशा भागाला राखीव व्यवस्था हवी होती. ती नसल्याने उड्डाणे चालू ठेवण्यासाठी विशेष सूट लागणार होती. मार्च १९८३ मध्ये ती सूट मंजूर झाली. काही कागदपत्रांत त्यानंतरही जुनीच '१-आर' अशी नोंद राहिली आणि काही अधिकारी दुसरे कडे भरवशाचे आहे असेच समजत राहिले. पुढील उड्डाणांत झीज पुन्हा पुन्हा दिसली. जानेवारी १९८५ मधील थंडीतल्या उड्डाणात तर पहिल्या कड्याच्या पलीकडे काजळी गेलेली आढळली. जुलै १९८५ मध्ये या प्रश्नावरून उड्डाणांवर अधिकृत अट घालण्यात आली, पण त्यानंतरच्या प्रत्येक उड्डाणासाठी ती शिथिल केली गेली. यान दर वेळी सुखरूप परत येई आणि परत आले म्हणजे झीज सहन करण्याजोगी आहे, असा अर्थ काढला जाई. समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या प्रवृत्तीचे सविस्तर विश्लेषण केले. नियमाबाहेरची गोष्ट वारंवार घडत राहिली आणि अनर्थ झाला नाही, की हळूहळू तीच नियमात धरली जाते.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री दूरध्वनीवरून बैठक झाली. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडणार होती. थंडीत रबर कडक होते आणि फट भरायला वेळ लावते. रॉजर बॉइसजॉली यांच्यासह थायोकोलच्या अभियंत्यांनी सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये असे सुचवले. नासाच्या मार्शल केंद्रातील अधिकाऱ्यांनी या सूचनेवर आक्षेप घेतला. थायोकोलच्या व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून आपसांत चर्चा केली आणि सूचना मागे घेतली. या वादाची माहिती उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत पोहोचली नाही. सकाळी उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान सुमारे २ अंश होते.

चौकशीसाठी विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणीतच ओ-रिंगचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात आला नाही. अहवालाच्या परिशिष्टात त्यांनी आणखी एक विसंगती नोंदवली : यान गमावण्याची शक्यता अभियंते शंभरात एक इतकी सांगत होते, तर व्यवस्थापन एक लाखात एक. म्हणजे एकाच संस्थेत एकाच यानाबद्दल हजारपट फरकाची दोन मते सुखाने नांदत होती.

आयोगाने निर्णायक घटकांची संपूर्ण यादी नव्याने तपासण्याची शिफारस केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९८८ मध्ये आणखी एक दोष दाखवला. यादीत 'निर्णायकता १' असलेले शेकडो घटक एकाच रांगेत उभे होते. त्यांतील कोणता आधी हाताळायचा, हे यादी सांगत नव्हती. सगळेच सर्वांत महत्त्वाचे असेल, तर प्रत्यक्षात काहीच महत्त्वाचे राहत नाही.

मोटार उद्योग आणि तीन आकडे

अग्रक्रम ठरवण्याचे एक उत्तर दुसऱ्या उद्योगात आधीच वापरात येत होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड कंपनीने ही पद्धत मोटारींसाठी स्वीकारली. याच सुमारास तिच्या पिंटो मोटारीच्या इंधनटाकीवरून मोठे वादंग माजले होते आणि १९७८ मध्ये पिंटो व तिच्या जोडीच्या मॉडेलच्या सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. मोटार उद्योगाने पद्धतीत दोन महत्त्वाच्या गोष्टी रुजवल्या. पहिली म्हणजे आराखड्याबरोबरच उत्पादनाच्या प्रक्रियेचेही वेगळे विश्लेषण. भागाचा आराखडा निर्दोष असला तरी बोल्ट सैल आवळला गेला, वेल्डिंग अपुरे झाले किंवा उजव्या बाजूचा भाग डाव्या बाजूला बसवला गेला, तर माल सदोषच निघणार.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे. प्रत्येक ओळीला १ ते १० या मापात तीन गुण द्यायचे : परिणाम किती तीव्र आहे, कारण किती वेळा घडेल आणि माल ग्राहकाकडे जाण्यापूर्वी दोष पकडला जाण्याची शक्यता किती. शेवटच्या मापात दोष पकडणे जितके कठीण तितका आकडा मोठा. तिन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे रिस्क प्रायॉरिटी नंबर किंवा आरपीएन. तो १ ते १००० या दरम्यान येतो. मोठा आकडा आधी हाताळायचा.

१९९३ मध्ये क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून समान पुस्तिका काढली. १९९४ मध्ये पुरवठादारांसाठीचे क्यूएस-९००० हे मानक आले आणि एफएमईए पुरवठादारांना सक्तीची झाली. पुढे आयएसओ/टीएस १६९४९ आणि २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ या मानकांनी ही सक्ती जगभर नेली. १९९० च्या दशकात परदेशी मोटार कंपन्या भारतात आल्या, भारतीय कारखाने त्यांना सुटे भाग पुरवू लागले आणि हा तक्ता आपल्याकडच्या कारखान्यांत पोहोचला. आज चाकण, मानेसर किंवा श्रीपेरुंबुदूर येथील सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला लागणाऱ्या तरुण अभियंत्याच्या हाती पहिल्या काही महिन्यांतच हा तक्ता येतो.

गुणाकाराची फसगत

आरपीएन सोपा होता, म्हणून तो लोकप्रिय झाला. त्याच्यातील दोष हळूहळू उघड झाले. दोन ओळींचे कल्पित उदाहरण घेऊ.

पहिली ओळ : ब्रेकची नळी फुटणे. तीव्रता १०, वारंवारता २, पकडण्यातील अडचण ३. गुणाकार ६०.
दुसरी ओळ : दाराच्या रबरी पट्टीचा आवाज येणे. तीव्रता ४, वारंवारता ५, पकडण्यातील अडचण ५. गुणाकार १००.

आकड्यांवर भरवसा ठेवला तर आधी दाराचा आवाज बंद करावा लागेल. असे का होते? हे गुण म्हणजे खरे तर क्रमांक आहेत. परीक्षेतील पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकांच्या गुणांत सारखेच अंतर असेल असे नाही. तसेच वारंवारतेच्या २ आणि ४ या पायऱ्यांमधील फरक दुप्पट नसून कितीतरी पट असू शकतो. अशा क्रमांकांचा गुणाकार करून अर्थपूर्ण राशी मिळत नाही. शिवाय १ ते १००० या आवाक्यात प्रत्यक्षात फक्त १२० वेगवेगळे गुणाकार येऊ शकतात. अगदी भिन्न स्वरूपाच्या जोखमी त्यामुळे एकाच आकड्यावर येऊन बसतात.

आणखी एक दोष माणसाच्या स्वभावातला आहे. अनेक ठिकाणी 'आरपीएन १०० च्या वर असेल तरच सुधारणा करा' असा दंडक असे. समजा ७, ४ आणि ४ या गुणांचा गुणाकार ११२ आला. शेवटचा ४ खोडून ३ लिहिला की ८४ होतो. कारखान्यात एकही स्क्रू न हलवता जोखीम 'कमी' झाली!

२०१९ मध्ये अमेरिकेतील एआयएजी आणि जर्मनीतील व्हीडीए या मोटार उद्योगाच्या संघटनांनी संयुक्त पुस्तिका प्रसिद्ध केली आणि आरपीएनला निरोप दिला. त्याऐवजी कृतीचा अग्रक्रम आला : उच्च, मध्यम किंवा कमी. तिन्ही गुण अजूनही द्यायचे असतात, पण गुणाकार न करता ठरवून दिलेल्या कोष्टकातून अग्रक्रम काढायचा. त्यात सर्वाधिक वजन तीव्रतेला, मग वारंवारतेला आणि शेवटी दोष पकडण्याच्या शक्यतेला आहे. सत्तर वर्षांच्या प्रवासानंतर पद्धत पुन्हा १९४९ च्या मूळ प्रश्नाजवळ आली : हे बिघडले तर माणसाचे काय होईल?

औषधे आणि रुग्णालये

एकविसाव्या शतकात पद्धत कारखान्याबाहेर पसरली. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालय व्यवस्थेने २००२ च्या सुमारास तिचे आरोग्यसेवेसाठी सुटसुटीत रूप तयार केले. रुग्णालयात 'भाग' म्हणजे प्रक्रियेतील पायऱ्या : औषध लिहून देणे, ते वाचणे, मोजणे, योग्य रुग्णाला देणे. प्रत्येक पायरीवर चूक कशी होऊ शकते हे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते एकत्र बसून शोधतात. २००५ मध्ये औषधनिर्मितीसाठीच्या आयसीएच क्यू९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गुणवत्तेची जोखीम हाताळण्याच्या साधनांत एफएमईएचा समावेश केला. भारतातील सुधारित शेड्यूल एममध्येही गुणवत्ता जोखीम व्यवस्थापनाला स्थान मिळाले आहे. त्यामुळे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय आता नोकरीचा भाग झाला आहे.

समारोप

सुरुवातीचा प्रश्न असा होता : बिघाड माहीत असताना तो का थांबला नाही? चॅलेंजरच्या बाबतीत पद्धत चुकली नव्हती. बिघाड ओळखला गेला, परिणाम लिहिला गेला, राखीव व्यवस्था गेल्याची नोंदही झाली. चूक नोंदीनंतरच्या टप्प्यात झाली. धोक्याची नोंद हा कामाचा आरंभ असायला हवा होता, ती परवानगी मिळवण्याचा कागद बनली. ज्यांनी नोंद केली त्यांचा आवाज ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

यातून विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तक्ता एकट्याने टेबलाशी बसून भरायचा नसतो. आराखडा करणारा, यंत्रावर काम करणारा, दुरुस्ती करणारा आणि तक्रारी ऐकणारा, सगळे एकत्र हवेत. दुसरे, तक्ता एकदा भरून कपाटात ठेवायचा नसतो. १९८१ ची झीज किंवा कुकरच्या व्हॉल्व्हच्या जागी लावलेला बोल्ट यांसारखी नवी माहिती आली की ती ओळ पुन्हा उघडावी लागते. तिसरे, आकडा कमी करण्यापूर्वी वस्तूत किंवा प्रक्रियेत नेमके काय बदलले हे विचारावे. काहीच बदलले नसेल, तर आकडा बदलण्याचा अधिकार कोणालाच नाही.

उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी समोर असा तक्ता येईल. ऑडिट दुसऱ्या दिवशी असेल आणि मागच्या वर्षीचा तक्ता नाव बदलून वापरण्याचा मोह होईल. त्या वेळी १९८२ च्या यादीतून गळलेले ते एक अक्षर आठवावे. ते खोडणाऱ्याने आपले काम प्रामाणिकपणे केले होते. ते वाचून थांबायची जबाबदारी इतरांची होती.

सरावासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील एखादी वस्तू, उदाहरणार्थ गॅसची शेगडी किंवा पाण्याचा पंप, घेऊन तिच्या तीन भागांसाठी एफएमईएच्या ओळी लिहा.
२. 'निर्णायकता १-आर' आणि 'निर्णायकता १' यांतील फरक कुकरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. आरपीएनचा गुणाकार फसवा का ठरतो? पाठाबाहेरील एक उदाहरण स्वतः तयार करून दाखवा.
४. अपोलो १३ चा अपघात एफएमईएच्या तक्त्यातून दिसणे कठीण का होते? फॉल्ट ट्री पद्धतीने तो कसा मांडाल?
५. चॅलेंजरच्या बाबतीत सूट देण्याच्या प्रक्रियेत कोणता एक बदल केला असता तर निर्णय वेगळा झाला असता, असे तुम्हाला वाटते? कारणांसह लिहा.